पुरे की पुढे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. संकटाच्या काळात मोठी माणसं लिहितात असं ऐकून आहे, आणि संकट तर कालच दारात येऊन उभं राहिलं. मेहुणा काम सोडून गेला.

गेला तोही चष्मेवाल्याकडे. हा चष्मेवाला चष्मे विकत नाही. आमच्यासारख्याच दुकानांच्या पाट्या करतो आणि लावतो, पण नाकावर एवढा जाड चष्मा असून त्याला स्वतःच्या दुकानाची पाटी उजवीकडे कललेली दिसत नाही. माझी एकही पाटी आजवर सूतभर कललेली नाही. पाटी लावताना मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि सांगतो. वर चढणं हे अंगमेहनतीचं काम, ते मेहुणा करायचा. दृष्टीचं काम माझ्याकडे.

सोडून जायचं कारण म्हणाल तर अगदी क्षुल्लक. शनिवारी चपलांच्या दुकानाची पाटी लावत होतो. मेहुणा चाकांच्या शिडीवर आणि शिडी ढकलायला मी. तो वरून म्हणाला, "पुढे." मी ढकललं. तो पुन्हा म्हणाला, "पुढे." मी पुन्हा ढकललं. मग तो ओरडलाच, म्हणून मी जोर लावला. शिडी पुढे गेली आणि मेहुणा पाटीला लटकून मागे राहिला. तिथून तो दुकानाच्या कापडी छपरावर पडला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, छपराचं मात्र व्हायचं ते झालं.

आता त्याचं म्हणणं असं, की तो पहिल्यापासून "पुरे" म्हणत होता. मी त्याला शांतपणे समजावलं, की र आणि ढ यांतला फरक माणसाने शाळेतच शिकून घ्यायचा असतो. त्यावर तो माझ्याकडे न बघता आपल्या बहिणीला म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तू कशी काढलीस गं?" आणि चालू लागला. बायको हसू दाबत होती असं वाटलं, पण तो भास असावा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बगळीचं काय करायचं हा प्रश्न आहे. बगळी म्हणजे आमची गाडी. ट्रकच्या पाठीवर दुमडलेली लांब लोखंडी मान, आणि मानेच्या टोकाला माणसाने उभं राहायचा पिंजरा. त्या पिंजऱ्याला या धंद्यातले सगळे पाळणा म्हणतात. केबलवाले ती मोडीत काढत होते, ती आम्ही मागच्या महिन्यात घेतली, कारण नगरपालिकेने नवा नियम काढला आहे. दुसऱ्या मजल्याच्या वर पाटी लावायची तर शिडी बंद, बांबू बंद. गाडीवरचा पाळणाच हवा, आणि त्यासाठी परवाने हवेत दोन. एक वर जाणाऱ्याचा, एक खाली थांबणाऱ्याचा. ट्रकचा परवाना माझ्याकडे आहे, तो मी कचेरीत दाखवला. तिथला माणूस म्हणाला, हा रस्त्यावर चालवायचा आहे, आकाशात नाही.

इस्पितळाची पाटी चौथ्या मजल्यावर लावायची आहे, आणि ती वीस मार्चच्या आत. तोवर परवाने मिळाले नाहीत तर काम चष्मेवाल्याला जाणार. एक काम गेलं म्हणून रडणारा मी नाही, पण त्याच्यामागून उंचावरची सगळीच कामं जातील. मग माझ्याकडे उरतील घरांच्या दारांवरच्या नावाच्या पट्ट्या. त्या लावायला बगळी कशाला, स्टूल पुरे.

म्हणून मी स्वतःच वर जायचं ठरवलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही?" त्या एका शब्दात केवढी काळजी होती. खाली थांबायला माणूस हवाच, तर तिने गणपूर्तीसाठी स्वतःचं नाव दिलं. अर्जात दोन चौकोन होते, वरच्या कामाचा आणि खालच्या कामाचा. तिने दोन्हींवर खूण केली. घाईत झालं असेल. मग मीही दोन्हींवर केली, एका घरातले अर्ज एकसारखे दिसावेत म्हणून.

९ फेब्रुवारी, सोमवार

वैद्यकीय तपासणी झाली. डोळे उत्तम. कानही उत्तम, हे मेहुण्याला कळवायला हवं. रक्तदाब मात्र भलताच चढा निघाला. दवाखाना पाचव्या मजल्यावर, आणि मला बसवलं खिडकीशेजारी. खिडकी कसली, जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. डॉक्टरांनी विचारलं, उंचीची भीती वाटते का? मी म्हटलं, उंचावरची कामं हाच आमचा धंदा आहे. मग त्यांनी मला आतल्या बिनखिडकीच्या खोलीत नेलं आणि पुन्हा दाब मोजला, तर अगदी नेमका. हल्लीच्या यंत्रांचा भरवसा राहिलेला नाही.

बायको तेवढा वेळ त्या काचेला नाक लावून उभी होती. परतताना ती लिफ्टने आली, मी जिन्याने उतरलो. गुडघ्यांना व्यायाम हवा.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रशिक्षण सुरू झालं. शिकवणारे मास्तर बुटके आहेत आणि त्यांच्या तोंडात सतत दात कोरायची काडी असते. आवाज मात्र असा, की काडी पडत कशी नाही याचं नवल वाटतं. त्यांचा पहिला धडा: आधी पाय, मग मान. गाडीला चार लोखंडी पाय असतात. ते बाहेर काढायचे, खाली जाड लाकडी पाट ठेवायचे, गाडी समपातळीत आणायची आणि मगच मान उचलायची. जागा नीट पारखून घ्यायची. मास्तरांनी मला विचारलं, तुम्ही उभे आहात तिथे गाडीचा पाय टेकवाल का? मी पायाने जमीन ठोकून पाहिली आणि हो म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही गटाराच्या झाकणावर उभे आहात.

बाकीचे नियमही लिहून ठेवतो. वारा मर्यादेपलीकडे गेला की काम बंद. विजेच्या तारांपासून लांब. पाळण्यात स्टूल, शिडी, खोकं काही ठेवायचं नाही, कठड्यावर पाय द्यायचा नाही. पाळण्यात माणूस असताना गाडी हलवायची नाही. पट्टा अंगात घालून त्याचा हूक भक्कम जागी अडकवायचा (हे विशेष लक्षात ठेवणे). आणि थांबायची खूण कोणीही देऊ शकतं, रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा. खूण दिसली की आधी थांबायचं, कारण मागाहून विचारायचं. हा शेवटचा नियम मला पटला नाही. कोणीही उठून थांब म्हणेल, मग कामं व्हायची कशी? मी हे मास्तरांना सविस्तर सांगितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी गच्चीवर गेलो तर बायको पट्टा अंगात घालून कठड्याशी उभी. म्हणाली, माप बघतेय. पट्टा माझ्या मापाचा आणला आहे हे मी तिला सांगितलं. तरी तिने तो लगेच काढला नाही.

तिला असं पाहून जुनी गोष्ट आठवली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गावाबाहेरच्या मैदानात सर्कस आली होती, शेजारी आकाशपाळणा. मी तिच्यासाठी तिकीट काढलं आणि तिची पर्स आणि चपला सांभाळत खाली उभा राहिलो, कारण कोणीतरी खाली लक्ष ठेवायला हवं. फेरी संपली तरी ती उतरेना. मला वाटलं, बिचारीला उतरायची भीती वाटत असणार. तिचं मन तयार होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून मी पुढची तिकिटं काढत राहिलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी वर गेलो. पाळणा पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत आला आणि तिथे माझ्या दोन्ही गुडघ्यांत एकदम वात शिरला. मी डोळे मिटून घेतले, कारण वाऱ्याचा अंदाज डोळे मिटल्यावर चांगला येतो. मास्तर खालून म्हणाले, कठडा सोडा, कळ दाबायला हात लागतो. मी म्हटलं, एक हात मोकळा आहे. ते म्हणाले, त्या हाताने तुम्ही स्वतःचीच कॉलर धरली आहे. मग त्यांनी खालच्या कळांवरून मला उतरवलं. एकूण अनुभव चांगला होता. गुडघ्यांना तेल लावलं पाहिजे.

माझ्यानंतर बायको गेली. ती चौथ्या मजल्याच्याही वर गेली. मला मान वर करून बघवेना, मान धरली होती. तिने वरून सांगितलं, इथून आपल्या घराची गच्ची दिसते. मी म्हटलं, गच्ची काय, ती गच्चीवरूनही दिसते, खाली ये. ती बऱ्याच वेळाने आली. तिचे केस विस्कटले होते आणि घरी येईपर्यंत तिने ते सारखे केले नाहीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजचा प्रसंग जसा घडला तसा लिहितो, म्हणजे कोणाची चूक ते स्पष्ट होईल.

खालच्या कळांवरून वरच्या माणसाला हलवण्याचा सराव होता. कळांवर बायको, पाळण्यात मी, पहिल्या मजल्याच्या उंचीवर. प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला पाळणा जवळ आला तसं मी म्हटलं, "पुरे." पाळणा पुढे सरकला. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "पुरे." पाळणा आणखी पुढे सरकला. इंजिन चालू होतं हे खरं, पण माझे उच्चार साऱ्या गावाला ठाऊक आहेत. मी जसजसा जोरात पुरे म्हणू लागलो तसतशी ती जोमाने पुढे नेऊ लागली. शेवटी पाळणा एका उघड्या खिडकीला जाऊन टेकला. आत परीक्षक बाई चहा पीत होत्या. मी नमस्कार केला.

त्या म्हणाल्या, "भेटीची वेळ घेतली आहे का?"

मी नाही म्हटलं आणि खाली वाकून पुन्हा एकदा "पुरे" असं ओरडलो, तेव्हा पाळण्याच्या कठड्याने त्यांची खिडकीतली कुंडी आत ढकलली.

खाली आल्यावर बायको म्हणाली, तुम्ही सारखं पुढे पुढे म्हणत होता. मी म्हटलं, मी पुरे म्हणत होतो. मास्तर म्हणाले, मलाही पुढेच ऐकू आलं. आणखी दोघा-तिघांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. घरी येताना मेहुण्याची आठवण झाली. पण त्याची गोष्ट वेगळी होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कालच्या प्रकारानंतर मास्तरांनी तोंडी बोलायलाच बंदी घातली. आता फक्त हाताच्या खुणा. अंगठा वर म्हणजे वर, अंगठा खाली म्हणजे खाली. तळहात समोर करून ढकलल्यासारखा केला म्हणजे पुढे. हात उंच करून मूठ मिटली म्हणजे पुरे. घरीही सराव करा म्हणाले.

बायकोने हे फार मनावर घेतलं आहे. जेवताना मी चष्मेवाल्याच्या पाटीविषयी सांगत होतो, तिने मूठ वर केली. मी थांबलो. हात धुताना गटाराच्या झाकणाचा विषय काढला, पुन्हा मूठ. दिवसभर तिचा सराव चालला होता. संध्याकाळी घर इतकं शांत झालं, की मोरीतला नळ गळतोय हे मला ऐकू आलं. बायकोला सांगितलं, नळ आजपासून गळायला लागला. ती म्हणाली, तो दोन वर्षं गळतोय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लेखी परीक्षा झाली. "वरच्या माणसाचा हात पोचत नसल्यास पाळण्यात स्टूल ठेवता येईल का?" या प्रश्नावर मी पुरवणी घेतली. स्टुलाचे प्रकार, लाकूड कोणतं, माणसाचा स्वभाव, सगळ्या बाजू मांडल्या आणि निर्णय परिस्थितीवर सोडला. बायकोने लिहिलं, "नाही." तिला पूर्ण गुण मिळाले. मी जेमतेम पास झालो. एवढं वाचायचा लोकांना कंटाळा येतो.

२ मार्च, सोमवार

प्रात्यक्षिक परीक्षा. मी नापास झालो.

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. परीक्षक बाईंच्या खिडकीत नवी कुंडी होती, ती बघूनच मला कसंसं झालं. गाडीचे पाय काढले, पाट ठेवले, पातळी बघितली. इथवर मास्तरांनी मान डोलावली. मी पाळण्यात शिरलो. पट्टा अंगात घातला आणि हूक भक्कम जागी अडकवायचा म्हणून आजूबाजूला पाहिलं. पाळण्यातली कडी बोटाएवढी. शेजारी फाटकाचा लोखंडी खांब होता, जमिनीत खोल पुरलेला, दोन माणसांनाही हलणार नाही असा. याहून भक्कम काय असणार? मी हूक त्या खांबाला अडकवला आणि वरची कळ दाबली.

पाळणा उचलला गेला. माझ्या पाठीमागची दोरी ताणली गेली आणि मी मागच्या मागे ओढला जाऊ लागलो. मला कळेना, गाडी बिघडली की काय. तेवढ्यात बायकोने खालचं लाल बटण दाबलं. तिचा हात त्या बटणावरच होता, जणू तिला माहीतच होतं.

परीक्षक बाई पाळण्याजवळ आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला वर जायचं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"मग स्वतःला जमिनीशी कशाला बांधून घेतलंत?"

मी खांबाकडे हात लांबवून हूक सोडवायला लागलो.

३ मार्च, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही. नळ दुरुस्त केला.

५ मार्च, गुरुवार

मास्तर घरी आले होते. फेरपरीक्षा बारा तारखेला आहे. त्यांचं म्हणणं असं, की दोघांच्याही अर्जांत दोन्ही चौकोनांवर खुणा आहेतच, तर जागा बदलून परीक्षा द्यावी. बायकोने वर जावं, मी खाली थांबावं. मी त्यांना म्हटलं, लोक मला नावं ठेवतील. बायकोला वर चढवलं आणि हा खाली उभा राहिला, म्हणतील. मास्तर काडी चघळत उठले आणि चहा न घेताच गेले.

बायको भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं, तू काळजी करू नकोस, माझ्या काळजीपोटी तू एवढं केलंस तेच खूप झालं, मी गुडघ्यांवर औषध घेईन आणि पुन्हा वरचीच परीक्षा देईन. मी बोलत होतो आणि ती मूठ वर करत नव्हती, म्हणून बोलत राहिलो. माझं बोलून संपल्यावर ती म्हणाली, "आजवर इतक्या पाट्या सरळ लागल्या त्या तुम्ही खाली उभे होतात म्हणून. वर कोण होतं ते कोणी विचारलंय का कधी?"

मी तिच्यासमोरची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"आणि मी काळजीपोटी नाही आले. मला वर जायला आवडतं."

मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "आकाशपाळण्यापासून."

मला वाईट वाटलं. तिला आवडतं याचं नाही, मला माहीत नव्हतं याचं. ती म्हणते तिने सांगितलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. सांगितलंही असेल. त्या त्या वेळी बहुधा मी बोलत असणार.

अर्ज बदलायची गरज नाही, एवढं मास्तरांना कळवलं.

१२ मार्च, गुरुवार

दोघेही पास.

बायको वर गेली. हूक पाळण्यातल्या कडीला अडकवून तिने तो दोनदा ओढून पाहिला आणि अंगठा दाखवला. मी खालच्या कळांपाशी. परीक्षक बाई म्हणाल्या, इंजिन बंद पडलं आहे असं समजा आणि त्यांना हातपंपाने खाली आणा. हातपंप म्हणजे एक दांडा, तो मारत राहायचा, दर वेळी पाळणा थोडा थोडा उतरतो. घाई केली तर हिसका बसतो. मी सावकाश मारत राहिलो आणि सगळा वेळ वर तिच्याकडे बघत होतो. ती चौथ्या मजल्याच्या उंचीवर होती आणि माझी मान अजिबात दुखली नाही.

मग बाईंनी तोंडी प्रश्न विचारला. वरचा माणूस काम करत असताना खालच्याने काय करायचं? मी घसा साफ केला. खालच्या माणसाची भूमिका हा विषय मोठा आहे, त्याची सुरुवात कुठून करावी असा विचार करत मी बोलायला लागलो, तोच बाईंच्या खांद्यावरून बायकोने मूठ वर केलेली दिसली. मी म्हटलं, "लक्ष ठेवायचं."

बाई म्हणाल्या, बरोबर, आणि सही केली.

शेजाऱ्यांना सांगितलं आहे, की गुडघ्यांमुळे तूर्तास मी खालचं काम बघतो.

१८ मार्च, बुधवार

आज इस्पितळाची पाटी.

पाटी म्हणजे एकसंध फळी नाही. आधी लांब धातूची शिरोरेषा भिंतीवर बसवायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर. "रुग्णालय" एवढीच अक्षरं, पण एकेक माणसाच्या छातीएवढं. सकाळी गाडीचे पाय टेकवले. इस्पितळाचे व्यवस्थापक घाईत होते, दुपारी त्यांचे वरिष्ठ पाहणीला येणार होते. कळांपासून मी दोन पावलंही हलायचं नाही असा नियम, म्हणून गाडी मुद्दाम रस्त्याच्या अंगाला, पाटी समोर दिसेल अशी लावून घेतली होती. एक डोळा मिटून मी खुणा करत होतो आणि बायको वर हलत होती. एक शब्दही न बोलता शिरोरेषा बसली. मला तर असं काम कधी झाल्याचं आठवत नाही.

फुटपाथवर मेहुणा येऊन उभा होता. चष्मेवाल्याने बघायला पाठवलं म्हणाला. मला वाटतं स्वतःच आला असावा, कारण तो सारखा वर बहिणीकडे बघत होता.

रु बसला, ग्णा बसला, ल बसला. य उरला. तेव्हा मला रस्त्याच्या पार टोकाला धूळ उठलेली दिसली. मग तिथल्या दुकानांची छपरं फडफडू लागली, एकामागून एक, आमच्या दिशेने. पाळण्यावर वारा मोजायची फिरकी असते, तिचा दिवा अजून हिरवाच होता. बायको य उचलत होती. मी दिव्याकडे बघायचं सोडून दिलं. वर ती होती.

मी मूठ वर केली.

तिने हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. मग य कडे दाखवलं. मी मूठ तशीच ठेवली. व्यवस्थापक धावत आले आणि म्हणाले, अहो, एकच अक्षर राहिलंय, वरिष्ठ येतील आणि "रुग्णाल" वाचतील, शोभा होईल. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही. मी मूठ आणखी उंच केली. बायकोने रागाने य पाळण्यात ठेवला आणि ती उतरू लागली. तिचा तो चेहरा मी ओळखतो. पाळणा खाली येऊन विसावला आणि वारा आला. फिरकीचा दिवा लाल झाला. व्यवस्थापकांचे कागद रस्ताभर झाले, मेहुण्याने ते गोळा केले. शिरोरेषा आणि तीन अक्षरं जागची हलली नाहीत.

वारा पडेपर्यंत आम्ही गाडीच्या आडोशाला बसून राहिलो. मेहुणा शेजारी येऊन टेकला. म्हणाला, "भावजी, त्या दिवशी माझे दोन्ही हात शिडीला होते. नाहीतर मीही मूठच दाखवली असती." कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. मी म्हटलं, तू पुरेच म्हणाला असशील. तो हो म्हणाला. सोमवारपासून परत येतो, असंही बोलता बोलता म्हणाला, पण चाकांच्या शिडीला हात लावणार नाही.

वारा पडल्यावर बायको वर गेली आणि तिने य लावला. वरिष्ठ उशिरा आले, त्यांना पूर्ण शब्द वाचायला मिळाला. घरी आल्यावर ती म्हणाली, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही पुरे म्हणालात. मी म्हटलं, तू ऐकलंस हेही पहिल्यांदाच. दोघंही हसलो.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी पाटीच्या दिव्यांच्या तारांवरची राहिलेली झाकणं बसवायला इस्पितळात गेलो. खालची, हात पुरणारी. बायकोचं काम काही नव्हतं, तरी ती पायांत बूट घालून आली. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाटी पाहिली. एक डोळा मिटून पाहिली, मग दुसरा मिटून पाहिली. सूतभरही फरक नाही. इतकी सरळ पाटी माझ्या हातून आजवर लागलेली नाही.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "सरळ आहे ना?"

विचारताना ती पाटीकडे बघत नव्हती, बगळीकडे बघत होती.

मी म्हटलं, "डावीकडे जराशी उतरलीय. परत वर जावं लागेल."

माझी पाटी कललेली आहे हे वाक्य माझ्या तोंडून याआधी कधी निघालेलं नाही. तिने कुठे, किती, काही विचारलं नाही. मी गाडीचे पाय टेकवेपर्यंत पट्टा तिच्या अंगात चढलाही होता. पर्स माझ्याकडे दिली. कडी ओढून पाहिली आणि वर गेली.

शिरोरेषेवर उगाच एकदा हात फिरवला आणि मग ती कठड्याशी उभी राहून आमच्या गच्चीच्या दिशेने बघत राहिली. वारा नव्हता. मी एका हातात पर्स धरून, दुसरा कळांजवळ ठेवून लक्ष ठेवून होतो. त्या वेळी मी तिकिटं काढत राहिलो ते बरोबरच केलं होतं, फक्त कारण चुकलं होतं.

थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं आणि मूठ अर्धीच मिटून, विचारल्यासारखी दाखवली. पुरे?

मी तळहात समोर केला. पुढे.